दोन दिवस, एक घाट

शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, खंबाटकीचा घाट ओलांडायचा, सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं आणि नाश्त्याच्या वेळेला वाईत पोचायचं. रविवारी रात्री घरी परत, सोमवारी पुन्हा कामावर. नोकरीधंदा करणाऱ्या माणसाच्या सहली बहुतेक या मापाच्या असतात, आणि हे पुस्तक अशा सहलीत कॅमेरा किंवा मोबाइल सोबत नेणाऱ्यांसाठी आहे. महिनोन् महिने जंगलात तळ ठोकणाऱ्या छायाचित्रकारांवर, लांबलांबच्या मोहिमांवर भरपूर लिहून झालं आहे. ज्याच्या हाताशी दोनच दिवस आहेत त्याने काय बघावं आणि कसं बघावं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर ते ठिकाणांच्या यादीच्या रूपात असतं.

घोटाळा होतो तो या यादीमुळेच. वाईची रूढ यादी बघा: ढोल्या गणपती, मेणवलीचा वाडा, धोम, पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वरचे पॉइंट, जमलं तर प्रतापगड. दोन दिवसांत हे सगळं होतं, होत नाही असं नाही. पण प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो, आणि तोही गाडी जेव्हा पोचेल तेव्हाचा. भर दुपारी देवळासमोर उभं राहिल्यावर माणूस नवीन काही बघत नाही. आधी कुठेतरी पाहिलेल्या फोटोशी समोरचं दृश्य ताडून बघतो, जुळलं की बटण दाबतो आणि गाडीत बसतो. परतीच्या वाटेवर मोबाइल चाळताना त्याला वाटतं की आपल्याला काही सुचलंच नाही. सुचणार कसं? सुचायला जागेशी थोडी ओळख व्हावी लागते, आणि ओळख व्हायच्या आत तो तिथून निघालेला असतो.

दोन दिवस हा काही कमी वेळ नाही. सहा ठिकाणी वाटला की तो कमी पडतो. म्हणून या पुस्तकाचा आग्रह असा: ठिकाणं कमी करा आणि फेऱ्या वाढवा. वाईला गेलात तर कृष्णेकाठचा एक घाट निवडा. शनिवारी दुपारी तिथे नुसते हिंडून या, संध्याकाळी पुन्हा जा, रविवारी उजाडायच्या आधी जा आणि निघण्यापूर्वी आणखी एकदा. प्रतापगड कुठे पळून जात नाही, तो पुढच्या वेळी बघता येईल.

हा आग्रह कुठून आला ते दोन जुन्या गोष्टींवरून सांगतो. छायाचित्रणाच्या इतिहासातल्या या दोन्ही गोष्टी प्रसिद्ध आहेत, पण त्या सांगताना त्यांतली कामाची बाजू बहुतेक वेळा निसटते.

पहिली १ नोव्हेंबर १९४१ची. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात दिवसभर हिंडून अँसल अ‍ॅडम्स मोटारीने सांता फेकडे परतत होते. दिवस जवळपास वायाच गेला होता. वाटेत हर्नांडेझ नावाचं छोटं गाव लागलं. दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळतीच्या उन्हात उजळले होते आणि पलीकडे डोंगरांच्या वर चंद्र आला होता. अ‍ॅडम्सनी गाडी थांबवली आणि आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा तो अवजड कॅमेरा घाईघाईने उभा केला. ऐन वेळी लाइट मीटर सापडेना. पण पौर्णिमेच्या सुमाराच्या चंद्राची प्रखरता दर चौरस फुटाला २५० कँडल धरायची, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक एक्स्पोजर घेतलं. दुसरं घ्यायला फिल्म होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं. ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे जगभर गाजलेलं चित्र त्या एका निगेटिव्हवर उभं आहे. तारीख अ‍ॅडम्सना स्वतःला नीट आठवत नव्हती. ती पुढे चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून खगोलशास्त्राच्या गणिताने ठरवली गेली.

या गोष्टीतलं नशीब सगळे सांगतात. मला त्यातला २५० हा आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याला आपण स्फूर्ती म्हणतो ती त्या संध्याकाळी आकाशातून उतरली असं मानलं, तरी तिला जागा करून दिली ती कित्येक वर्षं पाठ केलेल्या हिशेबाने. दोन दिवसांच्या सहलीची तयारीही अशीच घरून सुरू होते. सूर्य कुठून उगवणार, चंद्राची तिथी कोणती, नदीला पाणी असेल की नसेल, एवढं तरी निघण्यापूर्वी माहीत हवं. वाईचं उदाहरण घ्या. इथे पंचांगातला सूर्यास्त आणि डोळ्यांना दिसणारा सूर्यास्त यांत फरक पडतो, कारण पश्चिमेला पाचगणीचा डोंगर उभा आहे. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, तर पाचगणी तेराशेच्या आसपास. सूर्य डोंगराआड लवकर जातो, पण आकाश नंतरही बराच वेळ उजळ राहतं. नवखा माणूस ऊन गेलं म्हणून कॅमेरा पिशवीत टाकतो, आणि नेमका त्याच वेळी घाटाचा काळा दगड उघडू लागतो. उन्हाच्या कडक सावल्यांत बुडालेली टाकीची खूण न् खूण या मवाळ उजेडात दिसते. माझ्या मते वाईत फोटो काढायची सगळ्यात चांगली वेळ हीच, आणि ज्याला डोंगराची जागा आधी ठाऊक आहे तोच तिच्यासाठी थांबतो.

दुसरी गोष्ट मार्च १९३६ची, डोरोथिया लँग यांची. महामंदीच्या काळात सरकारी कामासाठी महिनाभर एकटीने फिरून त्या कॅलिफोर्नियातून घरी निघाल्या होत्या. पाऊस पडत होता आणि काम झाल्यातच जमा होतं. निपोमोजवळ रस्त्याकडेला वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. थांबायचं काही कारण नाही असं मनाशी म्हणत त्या पुढे गेल्या. जवळपास बत्तीस किलोमीटर गेल्यावर त्यांनी गाडी वळवली आणि परत आल्या. दहा मिनिटांत मोजकी एक्स्पोजर घेतली, आणि त्यांतल्या एकाला जग आज ‘मायग्रंट मदर’ म्हणून ओळखतं. दहा मिनिटांत अजरामर चित्र निघालं, असं या गोष्टीचं कौतुक होतं. मला त्या दहा मिनिटांइतकंच मागे वळून कापलेलं अंतर महत्त्वाचं वाटतं. जे दिसून गेलं ते मनात टोचत राहतं आणि त्यासाठी माणूस परत फिरतो, तेव्हा त्याला काहीतरी सुचलेलं असतं. सहा ठिकाणांच्या यादीत परत फिरायला जागाच नसते.

फिरण्यापेक्षा परत परत बघण्यावर ज्याने उभं आयुष्य काढलं अशा माणसाचं नाव घ्यायचं तर सॉल लायटर यांचं घ्यावं लागेल. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात ते साठेक वर्षं राहिले, आणि त्यांची पुष्कळशी रंगीत चित्रं राहत्या घराच्या आसपासच्या गल्ल्यांतली आहेत: वाफ धरलेली काच, बर्फातली लाल छत्री, दुकानाच्या छपराची अर्धी चौकट व्यापणारी काळी पट्टी. २००६ साली ‘अर्ली कलर’ हे पुस्तक निघाल्यावर जगाला त्यांची खरी ओळख झाली, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्या चित्रांतल्या वस्तू कोणत्याही शहरात मिळतील. त्यांची मांडणी मात्र त्या गल्लीत रोज चालणाऱ्यालाच सापडावी अशी आहे. दोन दिवसांत आपण लायटर होत नाही. पण एका घाटावर चारदा गेलो तर चौथ्या खेपेला आपलं बघणं पहिल्या खेपेसारखं राहत नाही, हा अनुभव कुणालाही घेता येतो.

आता वाईकडेच येतो, कारण या पुस्तकातली बहुतेक चित्रं तिथली आहेत.

वाईची एक अडचण आहे, आणि तीच तिथे फोटो काढण्याचं मोठं कारणही आहे. हे गाव कॅमेऱ्याने इतक्या वेळा दाखवलं आहे की ते कॅमेऱ्यातूनच पाहायची आपल्याला सवय झाली आहे. आणि तेही वाई म्हणून नव्हे. ‘स्वदेस’मधलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं, पण त्याच्या चित्रीकरणात मेणवली आहे. ‘गंगाजल’ची कथा बिहारची, ‘इश्किया’ आणि ‘दबंग’ची उत्तर प्रदेशची. चित्रीकरणासाठी हे सगळे वाईच्या परिसरात आले. नदी, पायऱ्या, देऊळ, मोठा वृक्ष, एवढं दिसलं की पडद्यावर गंगाकाठ उभा राहतो. पुढे तेच फोटो आपणही काढतो: तीच रुंद चौकट, तीच पायऱ्यांवरून उतरणारी आकृती, शक्यतो पिवळ्या उन्हात. म्हणून वाईला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न सोबत न्यायला सांगतो. इथलं असं काय आहे जे गंगेच्या काठी सापडणार नाही? हा प्रश्न डोक्यात असला की विषय शोधत फिरावं लागत नाही.

पहिलं उत्तर दगडाचं. सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनला ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कृष्णाकाठचे घाट आणि देवळं त्याच काळ्या पाषाणात उभी आहेत. क्षितिजही त्याच थरांनी आखलेलं आहे. डोंगरमाथे सपाट, मधेच पायऱ्यांसारख्या पडलेल्या कातळाच्या पट्ट्या. नदीच्या पायऱ्या आणि डोंगराच्या पायऱ्या एकाच चौकटीत घेतल्या की ते चित्र दख्खनचंच होतं, दुसरीकडचं होऊच शकत नाही.

हा दगड टिपायला मात्र कॅमेऱ्याशी थोडं भांडावं लागतं. समोर काय आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. दृश्याची सरासरी मध्यम करडी असणार, असं गृहीत धरून तो उजेड मोजतो. चौकटीत काळा दगड भरला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो सगळं उजळवतो. पाषाण राखेच्या रंगाचा दिसतो, आकाश पांढरंफटक होतं आणि घाटाचं वजनच निघून जातं. उपाय सोपा आहे. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली आणायचं. मोबाइलवर पडद्याला बोट लावल्यावर उजेडाची जी पट्टी येते ती खाली ओढली की तेच होतं. एवढ्या एका गोष्टीने वाईतले फोटो जितके सुधारतात तितके नव्या महागड्या लेन्सनेही सुधारत नाहीत, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

दुसरं उत्तर भिंतीचं. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. लोक समोरून येतात, दर्शन घेतात आणि समोरूनच फोटो काढून निघतात. देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या भिंतीवर आदळून दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ती तशी रचली आहे. अडीचशेहून अधिक वर्षं ही भिंत नदीशी बोलते आहे. तिच्याजवळ उभं राहून चिऱ्यांच्या सांध्यांवरून नजर फिरवली की समोरून दिसणारं शिखर थोडा वेळ विसरायला होतं. उजेड भिंतीला घासून येतो तेव्हा तिची वक्रता दिसते, समोरून येतो तेव्हा ती सपाट वाटते. त्यामुळे ही भिंत एकदा बघून भागत नाही. सकाळ आणि संध्याकाळ यांतली कोणती वेळ तिची, हे दोन्ही वेळा जाऊनच ठरवावं लागतं.

तिसरं उत्तर मेणवलीचं. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या वळणावर जो घाट आहे तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे आणि १७०७ हा आकडा. घंटेचा फोटो सगळेच काढतात, पण दुरून, देवळासकट. मी म्हणतो, जवळ जा. धातूवर उठवलेली ती आकृती हाताच्या तळव्याने झाकली जाईल इतक्या जवळून बघा. मागे मराठी देवळाचा काळा पाषाण, पुढे पोर्तुगालच्या धर्माची खूण आणि मधे तीनशे वर्षांच्या ऊन-पावसाने आलेला रंग. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला पानं खर्चावी लागतात ते इथे वीतभर जागेत आहे. चौकटीत आणखी काही घ्यायचा मोह आवरता आला पाहिजे, बस.

घाटावर सकाळी बघण्यासारखं आणखी एक आहे, आणि ते कुठल्याही यादीत सापडणार नाही. नदीतून वर येणाऱ्या माणसांची ओली पावलं काळ्या पायऱ्यांवर उमटतात. ओला दगड जवळजवळ शाईसारखा काळा होतो, कोरडा करडा राहतो. ऊन पायरीपर्यंत पोचलं की ठसे कडेने आक्रसत जातात, आधी बोटं पुसली जातात, टाच शेवटपर्यंत राहते. धुणं चाललेलं असेल तर साबणाचं पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतून वाट काढत खाली येतं आणि प्रत्येक पायरीच्या कडेला थोडा वेळ थबकतं. ज्याने तिथे अर्धा तास बसून काढला आहे त्यालाच हे दिसतं. माझ्या ओळखीच्या एका तरुण मित्राने एका सकाळी याखेरीज दुसरा एकही फोटो काढला नाही. त्याच्या त्या मालिकेतली काही चित्रं पुढे पहाटेच्या प्रकरणात आहेत आणि माझ्या मते ती या पुस्तकातली सर्वोत्तम चित्रं आहेत.

हंगामाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात पाणी पायऱ्या गिळतं, तेव्हा घाटाऐवजी डोंगरांकडे वळावं. हिवाळ्यात वाईच्या सात घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव असतो. त्या दिवसांत माणसं टिपण्याची संधी आहे आणि गर्दीही. हिवाळा सरता सरता आसपासच्या गावांत हळद शिजवतात. काहिलींतून उठणारी वाफ सूर्य समोर ठेवून टिपली तर उजळून निघते. उन्हाळ्यात हवेत धुरळा असतो, दूरचे डोंगर फिके पडतात, म्हणून तेव्हा वाड्यांच्या आत शिरावं, सज्जा-चौकातून झिरपणाऱ्या उजेडाकडे बघावं.

आता माणसांबद्दल, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. घाट हे आपल्यासाठी सहलीचं ठिकाण असलं तरी तिथल्या माणसांसाठी ते घराचा विस्तार आहे. तिथे अंघोळी होतात, कपडे धुतले जातात, दहाव्याचे विधीही होतात. मुंडण करून बसलेल्या मुलाचा चेहरा लांबच्या लेन्सने ओढून घेणं मला मान्य नाही, मग चित्र कितीही हृदयस्पर्शी होवो. डोरोथिया लँग यांच्या त्या चित्रातल्या बाईचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं. ते जगाला कळलं १९७८मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, त्यातून आपल्याला एक छदामही मिळाला नाही, असं त्या बाईंनी तेव्हा सांगितलं. चित्राने सरकारचं लक्ष वेधलं आणि छावणीत अन्न पोचलं, हेही खरं. दोन्ही खरं आहे, म्हणून हा प्रश्न सोपा नाही. पण नाव विचारणं तरी आपल्या हातात आहे.

एका घाटावर चारदा जाण्याचा मोठा फायदा इथे कळतो. पहिल्या खेपेला आपण परके असतो. दुसऱ्या खेपेला कपडे धुणारी मावशी विचारते, ‘काय हो, परत आलात? काय ठेवलंय इथं एवढं?’ बोलणं सुरू होतं ते तिथून. कुठून आलात, कुणाचे, जेवलात का. तिसऱ्या खेपेला ‘मावशी, तुमचा एक फोटो काढू का?’ असं विचारलं की ती एकतर पदर सावरून हो म्हणते किंवा हसून नको म्हणते. नको म्हणाली तर कॅमेरा खाली. हो म्हणाली तर जो फोटो मिळतो त्यात ती आपल्याकडे बघत असते, आणि ती नजर लांबच्या लेन्सने कधीच मिळत नाही.

साधनांची चर्चा या पुस्तकात मुद्दाम कमी ठेवली आहे. मोबाइल पुरतो. कॅमेरा असेल तर एकच लेन्स न्या, शक्यतो बदलू नका. लेन्स बदलण्याऐवजी पाय हलवले की जागा जास्त कळते. एक बंधन मात्र पाळून बघा असं आग्रहाने सांगतो. पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे. दोन दिवसांत तेवढेच काढायचे असं ठरवा. मेमरी कार्डात हजारोंची जागा आहे, म्हणून निवडीचं काम आपण घरी येईपर्यंत लांबवतो आणि घरी आल्यावर कंटाळतो. छत्तीसच आहेत म्हटल्यावर निवड घाटावरच होते. बटणावर बोट नेण्याआधी आपण एक पायरी खाली उतरून बघतो, थोडं डावीकडे सरकतो, ढग जाण्याची वाट बघतो. हे बंधन पहिल्या दिवशी जाचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली मजा कळू लागते आणि दुपारी परत निघताना दोन-चार फोटो शिल्लकही राहतात.

पुढची प्रकरणं वेळेच्या क्रमाने लावली आहेत: घरून करायची तयारी, शनिवारची दुपार, संध्याकाळ, रविवारची पहाट, भर दुपारी वाड्यांच्या आत करायचं काम आणि शेवटी घरी आल्यावरची निवड. वाईला जाणार नसाल तरी हाच क्रम कामी येईल. पैठणची गोदावरी, वेंगुर्ल्याचं बंदर, पणजीतला फोंतेन्यासचा रस्ता, किंवा जिथे तुमची दोन दिवसांची सुट्टी जाणार असेल ती जागा. सुरुवातीचा प्रश्न तोच ठेवा: इथलं असं काय आहे जे दुसरीकडे नाही?

आणि एक काम सहल संपल्यावरचं. ज्यांचे फोटो काढले त्यांना त्याची प्रत पाठवा. मोबाइल नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तरी चालतं, पण कागदावरचा फोटो घरात भिंतीला लागतो, पाहुण्यांना दाखवला जातो, म्हणून छापून पोस्टाने पाठवणं अधिक चांगलं. सहा बाय चारचा फोटो छापायला फार खर्च येत नाही. त्यासाठी एक छोटी वही खिशात ठेवा आणि पत्ता त्यांच्याच हाताने लिहून घ्या, म्हणजे नाव चुकत नाही. वाईचा पिनकोड ४१२८०३.